काडतुसं भरायचं मशीन घेतलं, त्याची गोष्ट

वरूडकडे आमची संत्र्याची बाग आहे आणि खाली चार एकर तूर-हरभरा. रानडुकरं एका रात्रीत ओळीच्या ओळी उकरून टाकतात. वडिलांपासून घरात परवान्याची बारा बोरची बंदूक आहे, छऱ्यांची. चालते कमी, पुसली जाते जास्त. काडतुसं मात्र दूरच्या दुकानातून आणावी लागतात. दरवेळी परवान्यावर नोंद, आणि भाव ऐकून घाम फुटतो.

तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात आली. वापरलेली काडतुसं घरीच पुन्हा भरा. मशीन, वजनकाटा आणि मराठीतून 'कोर्स', सगळं मिळून साडेअठरा हजार. फोनवरचा माणूस गोड बोलायचा. "दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालो भाऊ, तुमाले काय खोटं सांगू?" आमच्या भागात असे खरे रिटायर लोक गावोगाव आहेत, त्यामुळे शंका आली नाही. पावती मागितली तर म्हणे, "असल्या मालाची पावती राहते का कुठं?" मी तिथंच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. अर्धे पैसे आधी पाठवले, अर्धे पार्सल निघाल्यावर.

पेटी उघडली तर रंगाचा वास. मशीन पाहून तालुक्यातला फ्लेक्सवाला हसायलाच लागला. बॅनरच्या कडेला पितळी रिंगा ठोकायचं ते यंत्र होतं, नुसतं काळं रंगवलेलं. 'डाय', म्हणजे काडतूस बसवायचा साचा, हा लेथवर कापलेला नळीचा तुकडा, त्यात माझं काडतूस शिरेना. काटा साधाच, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. या कामात बंदुकीची दारू ग्रेनमध्ये मोजतात आणि एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. खरे काटे ग्रेनचा दहावा भाग दाखवतात. म्हणजे माझ्या काट्याला दीड ग्रेनचा फरक कळलाच नसता.

कोर्सचं तर विचारूच नका. ६४ पानं, त्यात दारू किती भरायची याचे तक्ते, तेही रायफलचे, आणि दारूच्या नावाच्या जागी 'नं. १', 'नं. २'. परदेशात पावडर बनवणाऱ्या कंपन्या स्वतः तक्ते छापतात, त्यात पावडर, टोपी (ठिणगी देणारी), खोळ (काडतुसाचं कवच), गोळी सगळं नावानिशी असतं. एक बदललं की आकडा बदलतो. काळी दारू आणि बिनधुराची पावडर सारख्या मापानं भरली तर नळी फुटू शकते. बारा बोर म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड, हे मी पोरांना ऐटीत सांगायचो. एवढं माहीत असून फसलो.

आठ दिवसांनी दुसऱ्याच नंबरवरून फोन. "तुमचं पार्सल नागपूरले पकडलं, नाव निघालं, चाळीस हजार भरा नाहीतर केस." खरी फसवणूक ही होती, मशीन नुसतं आमिष. लपूनछपून घेतलेल्या वस्तूची तक्रार कोण करणार, यावरच त्यांचा धंदा.

दोन रात्री झोप नाही. शेवटी बायको म्हणाली, "काऊन असे भिंतीकडे पाहून रायले तुमी?" मग मावसभावाकडे गेलो, तो वकील आहे. ऐकून आधी माझ्यावरच ओरडला. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ प्रमाणे 'दारूगोळा' या शब्दात तो तयार करायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. माझा परवाना बंदूक बाळगायचा, काडतूस बनवायचा नाही. विनापरवाना दारूगोळा बनवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, जन्मठेपेपर्यंत. "मशीन खोटं निघालं हेच तुह्यं नशीब बे," तो म्हणाला.

चाळीस हजार भरले नाहीत. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला, मावसभावाला घेऊन पेटीसकट पोलीस ठाण्यात गेलो आणि जसं झालं तसं सांगितलं. साडेअठरा हजार अजून आले नाहीत.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका पोरानं मला मोबाइल दाखवला. तेच मशीन, तोच काळा रंग, भाव बारा हजारांवर आलेला. या वेळी विकणारा निवृत्त फौजी होता.