लिलिपाँडमधले मजकुराचे थर: नेमके, पण हट्टी

लिलिपाँड या मोफत स्वरलेखन सॉफ्टवेअरमध्ये माउसने ओढून हलवण्यासारखे काहीच नसते; संगीत अक्षरांत टाइप करायचे आणि त्याचे छापील पान सॉफ्टवेअरने मांडून द्यायचे, अशी त्याची पद्धत आहे. एकमेकांवर येणाऱ्या मजकूर-खुणा ते कशा हाताळते, एवढेच मी येथे तपासले आहे, कारण दाट पियानो-लेखनात त्याची खरी कसोटी तिथेच लागते.

मुळात ते खुणांना एकमेकींवर येऊच देत नाही. स्टाफबाहेरच्या, म्हणजे स्वर मांडायच्या पाच रेषांबाहेरच्या, खुणांना प्राधान्यक्रमांक असतात. साध्या मजकुराचा ४५०, व्होल्टा कंसाचा, म्हणजे पुनरावृत्तीचे वेगवेगळे शेवट दाखवणाऱ्या कंसाचा, ६००. लहान क्रमांकाची खूण स्टाफच्या जवळ बसते, मोठ्याची दूर. या क्रमांकालाच थर समजून मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. खूण वर सरकत राहिली, पण जी रेषा झाकायची होती ती उघडीच राहिली. काय कशावर रंगवायचे, हे ‘लेअर’ नावाचा वेगळा गुणधर्म ठरवतो. स्टाफच्या रेषांचे मूल्य ०, बहुतेक इतर घटकांचे १, आणि मोठे मूल्य नंतर रंगवले जाते. दोन घटकांचे मूल्य सारखे असेल, तर त्यांच्यातल्या क्रमाची काहीच हमी नसते, म्हणून तो नशिबावर सोडू नये.

माझ्या पानावर ‘पोको रिटार्डांडो’ (किंचित मंदावत) हे शब्द एका लांब स्लरवर, म्हणजे स्वर जोडून वाजवायला सांगणाऱ्या वक्ररेषेवर, येत होते. प्राधान्यक्रम बंद केला, शब्दांना लेअर २ दिला, तरी अक्षरांच्या फटींतून स्लर दिसतच होता. तो झाकला ‘व्हाइटआउट’ने, म्हणजे शब्दांमागे भरलेल्या पांढऱ्या रंगाने. त्याची मूळ चौकोनी शैली स्लरचा मोठा तुकडा खाते. अक्षरांच्या कडेने जाणारी ‘आउटलाइन’ शैली तिरक्या, बारीक अक्षरांना फार शोभते.

मात्र प्राधान्यक्रम बंद केलेल्या खुणेची टक्कर सॉफ्टवेअर यापुढे टाळत नाही. मापांची (उभ्या रेषांमधल्या संगीताच्या तुकड्यांची) मांडणी बदलली की प्रत्येक जागा पुन्हा डोळ्यांखालून घालावी लागते, आणि दर दुरुस्तीनंतर पान नव्याने तयार होईपर्यंत थांबावे लागते. फ्रेस्कोबाल्डी हा संपादक वापरल्यास छापील पानावरच्या खुणेवर क्लिक करताच कर्सर थेट तिच्या ओळीवर जातो. त्याच्याविना हे काम मी तरी कोणाला सुचवणार नाही. पानाला रंगीत पार्श्वभूमी देणार असाल, तर व्हाइटआउटची पांढरी ठिगळे मात्र उठून दिसतील.