आठवड्याचा पगार काढणारे सॉफ्टवेअर: इचलकरंजीतील एका दिवाणजीचा अभिप्राय

इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग आला आणि इथल्या बऱ्याचशा कारखान्यांत कामगाराचा पगार आजही आठवड्याने, विणलेल्या मीटरांवर होतो. आमच्या कारखान्याने सहा महिन्यांपूर्वी हा हिशेब करणारे एक सॉफ्टवेअर घेतले असून त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

मजुरीचा आधार 52 पिकाचे, म्हणजे एका इंचात 52 आडवे धागे असलेले, कापड हा असतो. त्यामुळे कोणी 60 पिकाचे 1,300 मीटर विणले, तर ते 52 पिकाच्या 1,500 मीटरांइतके धरावे लागते. हे रूपांतर सॉफ्टवेअर अचूक करते आणि पूर्वी वहीत दोन तास जाणारे काम वीस मिनिटांत होते.

मात्र उचलीच्या बाबतीत ते अपुरे आहे. कामगाराने घेतलेली उचल पगारातून परस्पर वजा होऊन पावतीवर केवळ हाती पडणारी रक्कम छापली जाते, आणि ज्याने सहा रात्रपाळ्या उभ्याने काढल्या त्याला आपण नेमके किती कमावले हेच कळत नाही. हे मला मुळीच मान्य नाही. वेतन संहिता, 2019 नुसार वेतनपावती देणे बंधनकारक आहे, आणि आठवड्याचा पगार साप्ताहिक सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या कामाच्या दिवशीच द्यावा लागतो. विक्रेत्याकडे दोनदा लेखी मागणी करूनही सुधारणा झालेली नाही. तोवर एकूण मजुरी आणि उचल मी प्रत्येक पावतीवर हाताने लिहून देतो.