व्हीगन असाल तर फिल्म घ्यावी की डिजिटल?

मुळात अडचण जिलेटिनची, ती थोडक्यात सांगतो. फिल्मवर चांदीचे क्षार ज्या थरात बसवलेले असतात, तो थर गुरांच्या आणि डुकरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनचा असतो. व्हीगन व्हायचं, म्हणजे प्राणिजन्य वस्तू टाळायचं ठरवलं की फोटोग्राफीचा छंद पुढे कसा न्यायचा, हा प्रश्न येतोच. मी बरीच वर्षं दोन्हीकडे काढली आणि आता डिजिटलवर आहे. तरी फिल्मची बाजू वाटते तितकी लेचीपेची नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

डिजिटल तरी कुठे निर्मळ आहे, असं फिल्मवाले विचारतात आणि त्यात तथ्य आहे. सर्किटमधलं तांबं बहुतेक वेळा विद्युत-शुद्धीकरणाच्या टाकीतून आलेलं असतं. ते गुळगुळीत, एकसारखं जमावं म्हणून त्या टाकीत हाडांचा सरस घालायची पद्धत आजही आहे. शिवाय खाणी, बॅटऱ्या आणि सतत येणारी नवी मॉडेलं आहेतच. उलट जुना यांत्रिक कॅमेरा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. त्यावर खरं कातडं असलं तरी तो सेकंडहँड घेतल्याने नवं जनावर मारलं जात नाही. फिल्मचा पारदर्शक पायाही बहुधा सेल्युलोजपासून, म्हणजे वनस्पतीपासूनच बनतो. आणि चेहऱ्यावरचा उजेड फिल्म ज्या मायेने धरते, ते मला डिजिटलमध्ये अजूनही पुरतं साधलेलं नाही. १९४४ साली स्थापन झालेल्या ‘द व्हीगन सोसायटी’च्या व्याख्येतसुद्धा ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ अशी अट आहे. त्या अटीत फिल्म बसवणाऱ्याशी मी भांडणार नाही.

माझ्यापुरता निकाल एका गोष्टीने लागला. फिल्म संपते आणि पुन्हा विकत घ्यावी लागते.

कॅमेरा, लेन्स, फिल्म धुवायचा डेव्हलपिंग टँक, मोठी प्रिंट काढायचा एन्लार्जर, सगळं कुणाचं तरी वापरलेलं मिळतं. रोल मात्र वापरलेला मिळत नाही. दर छत्तीस फ्रेमनंतर नवी मागणी नोंदवायची आणि त्या मागणीमागे कत्तलखान्यातून आलेला माल. मुदत संपलेले रोल हा त्यातल्या त्यात बरा तोडगा. मी तेच वापरत होतो, पण त्यांचा वेग, म्हणजे प्रकाश टिपायची ताकद, उतरलेला असतो, सावल्यांत धुरकटपणा येतो आणि साठा कधी ना कधी आटतोच.

त्यात मी फिल्म घरीच धुवायचो. पाण्यात जिलेटिन फुगतं आणि बोटांना बुळबुळीत लागतं. पाणी जास्त गरम झालं तर थर मऊ पडून सुटूही लागतो. त्या स्पर्शाला हे कशाचं आहे ते विसरता येत नाही. दुकानातल्या बंद डबीत ते विसरता येतं, सिंकपाशी नाही. हे काही मोजमाप नव्हे. दुसऱ्या कुणाला कदाचित काहीच वाटणार नाही. मला मात्र दरवेळी वाटायचं आणि अखेर टँक ठेवून दिला.

पर्याय का निघत नाही, तर जिलेटिन या कामाला विलक्षण चपखल बसतं म्हणून. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनची कोरडी काच (तेव्हा फोटो फिल्मऐवजी लेप दिलेल्या काचेवर घेत) मांडली, तेव्हापासून ते टिकून आहे. ते चांदीच्या क्षारांच्या स्फटिकांचा गोळा होऊ देत नाही, भिजल्यावर रसायन आत घेतं आणि वाळलं की पुन्हा घट्ट होतं. १९२० च्या दशकात कोडॅकचे सॅम्युएल शेपर्ड यांनी तर दाखवलं की जिलेटिनमधल्या गंधकयुक्त अंशांमुळे फिल्म प्रकाशाला जास्त संवेदनशील होते. हे अंश जनावरांनी खाल्लेल्या मोहरीच्या कुळातल्या वनस्पतींमधून येत होते. त्याआधीची, १८५१ ची ओल्या कोलोडियनची (काचेवर ओतायच्या एका चिकट द्रावणाची) पद्धत जिलेटिनशिवाय चालते, पण झटकन पेटणारं ईथर हाताळायची तयारी हवी. घरगुती छंदासाठी मी ती सुचवणार नाही.

डिजिटल घेणाऱ्यांनीही एक गोष्ट नीट बघावी. फाइल लॅबमध्ये देऊन चकचकीत रंगीत प्रिंट काढून घेतली, तर ती बऱ्याचदा चांदीच्या क्षारांच्या फोटो-कागदावरच निघते आणि त्या कागदावर पुन्हा जिलेटिन. फिल्म सोडूनही जिलेटिन घरात येतं ते असं. लॅबला आधी विचारा की प्रिंट इंकजेट आहे का. इंकजेट कागदांतही काहींच्या लेपात जिलेटिन असतं, म्हणून मी बनवणाऱ्या कंपनीला लिहून विचारतो आणि शक्यतो मॅट कागद घेतो. पट्टा कापडी, लेन्स पुसायला मायक्रोफायबर. ब्रश केसांचा न घेता हवेचा फुगा वापरायचा. एवढ्यावर भागतं. कॅमेरा सेकंडहँड घेऊन मोडेपर्यंत वापरला, तर फिल्मवाल्यांचा खाणींचा मुद्दाही बराचसा हलका होतो.

घरात सध्या रोल पडून असतील तर ते जरूर वापरा, फेकून देऊन कुणाचंच भलं होत नाही. नव्याने सुरुवात करत असाल तर मी डिजिटलकडेच बोट दाखवीन.

हाताने प्रिंट काढण्याची ओढ असेल तर सायनोटाइप, म्हणजे उन्हात उमटणारी निळी प्रिंट, करून पाहा. जॉन हर्शेल यांची ही १८४२ ची पद्धत. लोहक्षारांचं द्रावण थेट कागदात मुरतं, त्याला जिलेटिनचा थर लागत नाही. अडचण कागदाचीच. जलरंगाच्या काही उत्तम कागदांना जिलेटिनचं साइझिंग, म्हणजे पाणी पटकन शोषू नये म्हणून दिलेली खळ, असतं. आर्शचा कागद तसाच. फाब्रियानोचा आर्टिस्टिको प्राणिजन्य घटकांशिवाय बनतो. डिजिटल फाइलची निगेटिव्ह साध्या कागदावर छापून त्याला वनस्पती तेल चोळलं की उजेड आरपार जातो. ती द्रावण लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात ठेवायची, वेळ थोडा जास्त लागतो, पण निळी प्रिंट चांगली येते.