बॅगेची टीप बघून घेतली, तरी फसले

बारामतीत माझं शिवणाचं छोटं दुकान आहे. ब्लाउज, पिको-फॉल, आणि जून उजाडला की शाळेच्या दप्तरांचे तुटलेले पट्टे. बॅग कुठे उसवते, का उसवते, हे मला कुणी शिकवायला नको. हे आधीच सांगून टाकते, कारण मोबाइलवरून मागवलेल्या कॅमेऱ्याच्या बॅगेचा झालेला प्रकार ऐकून प्रत्येकानं पहिला प्रश्न हाच विचारला, "अगं, तुला कळलं कसं नाही?"

टाळेबंदीत भाच्याचा जुना निकॉन डी७२०० कॅमेरा माझ्याकडे आला आणि पक्ष्यांचं वेड लागलं. पुढे लांबचं जवळ दाखवणारी, वापरलेली २००-५०० झूम लेन्स घेतली. ज्यांनी ती हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी: नुसती लेन्स २३०० ग्रॅमची, कॅमेरा लावला की तीन किलोच्या वर. कॅमेऱ्यासकट लांबी मी इंची टेपनं मोजली, हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं सावलीचं कडं, उलटं लावून साडेतेरा इंच. सुप्याच्या माळावर चिंकारा बघायला जायचं तर हे सगळं टॉवेलात गुंडाळून दप्तरात, आणि दप्तर स्कूटीवर पायाशी. पोहोचल्यावर दप्तर उघडा, टॉवेल सोडा, कॅमेऱ्याला लेन्स जोडा, तोवर चिंकारा कुठल्या कुठे. शिवाय उघड्यावर लेन्स जोडताना माळावरची धूळ सेन्सरवर बसते ती वेगळीच. म्हणून मला अशी बॅग हवी होती जिच्यात लेन्स कॅमेऱ्याला लावलेलीच राहील.

"स्वतःच शिव की," असं घरचे म्हणाले. बघितलं करून. पट्ट्याची चार पदरं, त्यात फोम आणि कॅनव्हास, एवढं माझ्या मशीनच्या सोळा नंबरच्या सुईला झेपत नाही. दोन सुया मोडल्या आणि नाद सोडला. त्या कामाला जाड सुईचं, जड मशीन लागतं.

पुण्यातल्या दुकानात नावाजलेल्या कंपनीची बॅग अकरा हजारांच्या पुढे होती. तेवढ्यात मोबाइलवर एका पानाची (पेजची) जाहिरात यायला लागली. तीच बॅग, तोच शिक्का, ३,८९९ रुपये. "कस्टममधून सुटलेला माल, ओरिजिनल, बिलासह." व्हिडिओत एक हात बॅग उघडतो, भली मोठी पांढरी लेन्स आत ठेवतो, चेन सर्रकन लावतो आणि बॅग वरच्या मुठीला धरून हलवतो. खाली लिहिलेलं, "६०० मिमी लेन्स आरामात बसते."

माझी पहिली चूक इथेच झाली. ६०० मिमी ही लेन्सची लांबी नसते, ते फोकल लेन्थचं माप, म्हणजे लांबचं किती जवळ दिसेल त्याचं. १५०-६०० ची झूम लेन्स मिटवली की साधारण सव्वीस सेंटीमीटरची होते. मोठ्या पत्रकारांकडे असते ती ६०० एफ ४ लेन्स पंचेचाळीस सेंटीमीटरच्या आसपास. दोन्ही सहाशेच. म्हणजे "सहाशे बसते" हे वाक्य "दहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक" म्हणण्यासारखं आहे. गिऱ्हाईक असं बोललं तर मी म्हणते, मुलीला घेऊन या, नाहीतर माप आणा. स्वतःच्या वेळी मात्र विचारलं नाही, की आतली लांबी किती इंच?

तसं मी काहीच विचारलं नाही असंही नाही. उलट इतरांपेक्षा जास्तच विचारलं, आणि फसले ती त्याच्यामुळेच. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या माणसाला लिहिलं, की खांद्याचा पट्टा जिथे जोडलाय तिथल्या टिपेचा जवळून फोटो पाठवा. पाच मिनिटांत आला. चौकोन आणि त्यात फुली, दोरा जाड, टाके एकसारखे, शेवटाला मागेपुढे मारलेली घट्ट टीप. मग मुठीच्या सांध्याचा मागितला. तोही आला. "मॅम, आप तो एक्स्पर्ट निकले," असं वर लिहिलं होतं. मी हुरळून गेले. फोटो खऱ्या बॅगेचे होते, टीप खरी होती, फक्त ती बॅग मला येणार नव्हती. प्रश्नाला उत्तर मिळालं म्हणजे आपण माल तपासला, असं मी धरून चालले.

पैसे आधी हवे होते. माल मिळाल्यावर पैसे देण्याची सोय "लोक बॅगा वापरून परत करतात म्हणून" बंद. तेही पटलं, नेसून परत आलेल्या साड्यांचे किस्से मी कापडवाल्यांकडून ऐकलेत. यूपीआयनं भरून टाकले. ज्या नावावर गेले ते दुकानाचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. दिसलं होतं मला. "मालकाचं असेल" म्हणून पुढे गेले.

आठ दिवसांनी बॅग आली. रेक्झिनचा उग्र वास, पण दिसायला तीच. शिक्का तोच, रंग तोच, पावसाळी कव्हरसुद्धा. लेन्स लावलेला कॅमेरा आत ठेवला तर समोरून चेन ओढावी लागली, शेवटचे दोन इंच अंगठ्यानं दाबून. नवीन आहे, फोम बसेल, अशी समजूत घातली. नवीन ब्लाउज घट्ट झाला की गिऱ्हाइकाला मी हेच सांगते, आणि ते खोटं असतं हे मलाच माहीत असतं.

त्याच संध्याकाळी आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर बॅगेचा फोटो टाकला, "चार हजारांच्या आत मिळाली बरं का" असा टेंभा मिरवत. दौंडच्या एका मुलीनं आणि फलटणच्या एका काकांनी माझ्याकडून नंबर घेऊन मागवल्या.

जानेवारीत भिगवणला गेलो. कुंभारगावातून पहाटे नाव घेतली. उजनीचं पाणी त्या वेळी काचेसारखं असतं, लांबवर रोहित पक्ष्यांची (फ्लेमिंगोंची) गुलाबी रेघ. दोन तास फार छान गेले. परतताना कॅमेरा बॅगेत ठेवला, चेन लावली, आणि काठाला उतरण्याआधी बॅग नावाड्याच्या हातात दिली. त्यानं वरच्या मुठीला धरली, जशी कुणीही धरेल. मुठीचं एक टोक सुटलं. तीन किलोचा ऐवज नावेच्या फळीच्या कडेवर आदळला आणि तिथून तळाशी साचलेल्या पाण्यात. "ताई, मी काय नाय केलं," तो बिचारा घाबरून म्हणाला. त्यानं खरंच काही केलं नव्हतं.

लेन्स मागच्या कड्याशी हलायला लागली होती, ऑटोफोकस बंद. पुण्यात दुरुस्तीला १४,२०० रुपये लागले. सात हजार वाचवायला गेले होते.

घरी आल्यावर उसवणी घेतली आणि बॅग जमिनीवर पसरून टाका टाका उसवली. दोन तास लागले असतील. मूठ शिवणीत जेमतेम पाव इंच शिरलेली, एकाच टिपेवर. वरून चौकोन-फुली दिसत होती, पण ती फक्त वरच्या कापडावर मारलेली. खालच्या पदराला दोरा पोहोचलाच नव्हता. शोभेची टीप! तीस वर्षांत असली टीप मी पाहिली नव्हती, कारण ती घालायला जवळजवळ खऱ्या टिपेएवढाच वेळ लागतो. आतले कप्पे म्हणजे शोपीसच्या डब्यात येतो तसा पांढरा, हलका फोम, बोटानं दाबला की दबलेलाच राहायचा. पाठीला ताठपणा यावा म्हणून खऱ्या बॅगेत प्लॅस्टिकचा पत्रा असतो. इथे पुठ्ठा निघाला. कुठल्या तरी खोक्याचा कापलेला तुकडा, आणि त्यावर छापलेलं छत्रीचं चित्र, म्हणजे "पाण्यापासून जपा". पाण्यानं त्याचा लगदा झाला होता. इतक्या संतापातही मला हसू आलं.

आणि माप. बाहेरून सतरा इंच, आतून बारा आणि तीन चतुर्थांश. साडेतेरा इंचांची वस्तू पाऊण इंच कमी जागेत मी महिनाभर कोंबत होते, म्हणजे समोरची काच आणि मागचा सांधा रोज दाबत होते. लांब लेन्सच्या बॅगेत आतली लांबी तर बघावीच, पण खोलीसुद्धा. ट्रायपॉडला लावायचा लेन्सचा पाय बाहेर आलेला असतो, तो बहुतेक जण मोजतच नाहीत. त्या पायाचं कडं सैल करून पाय बाजूला फिरवला तर थोडी जागा होते, पण मग रुंदी लागते. झूम लेन्स मिटवून कुलूप लावलेलीच ठेवायची, नाहीतर वाटेत नळी स्वतःच्या वजनानं सरकते आणि चेनवर दाब येतो.

बिल तेव्हा कुठे नीट वाचलं. पत्ता मुंबईचा. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी, अगदी खऱ्यासारखा, पण सुरुवात ०७ ने. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७, दिल्लीचा ०७. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की तो कुणाचा ते फुकट दिसतं. लेकीनं टाकला, तर निघाला कुणा कापडाच्या व्यापाऱ्याचा. त्या माणसाला बहुधा पत्ताही नसेल. बॅगेला लटकवलेल्या चिठ्ठीवर किंमत आणि बारकोड होता, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, महिना-वर्ष नाही. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर हे छापणं कायद्यानं सक्तीचं आहे. पावडरच्या डब्यावर आपण तारीख बघतो. अकरा हजारांची म्हणून मिरवणाऱ्या बॅगेवर मी बघितली नाही.

त्या माणसाला फोन केला तर आवाज फार गोड. "मॅम, फुल रिफंड," म्हणाला आणि एक क्यूआर कोड पाठवला, की हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. रागाच्या भरात मी स्कॅन केलासुद्धा. लेक शेजारी होती, तिनं मोबाइल हिसकावला. "आई, पैसे घ्यायला पिन कधी लागतो का? पिन फक्त द्यायला लागतो." पडद्यावर खरंच ३,८९९ "भरा" असं होतं. दुसऱ्यांदाही तेवढेच घेणार होता, काडीचा फरक न करता. नाही म्हटल्यावर त्यानं मला ब्लॉक केलं आणि थोड्याच दिवसांत पानही गायब.

१९३० या सायबर मदतीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ती होते, आणि लगेच केली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी पैसे भरून सव्वा महिना लोटला होता. पोलीस ठाण्यात साहेबांनी सरळ विचारलं, "बॅग मिळाली ना?" मिळाली. तिथेच घोळ आहे. काहीच आलं नसतं तर गोष्ट सोपी होती. आलेली वस्तू खोटी आहे हे मला सिद्ध करायचं, आणि पुरावा मी स्वतःच्या हातानं उसवून बसलेली. उसवण्याआधी फोटो काढले होते, तेही रागात काढलेले, निम्मे हललेले. ग्राहकांच्या १९१५ या हेल्पलाइनवरही बोलले. बाई समजूतदार होत्या, पण त्यांना विक्रेत्याचं नाव-गाव हवं होतं, आणि माझ्याकडे एक बंद नंबर आणि परक्याचा जीएसटी. मोठ्या संकेतस्थळावरून घेतलं असतं तर तक्रार कुणावर करायची हे तरी ठाऊक असतं. पैसे अजून मिळालेले नाहीत.

पण खरं लागलं ते त्या दोन बॅगांचं. दौंडच्या मुलीला त्याच रात्री फोन केला, तिची बॅग अजून कपाटातच होती. काकांनी मात्र वापरायला घेतली होती. त्यांना म्हटलं, कुरिअरनं पाठवा, मी मजबूत करून देते. दोन्ही बॅगा चौकातल्या मोचीकाकांकडे नेल्या, त्यांच्या आरीनं आणि मेणाच्या दोऱ्यानं पट्टे शिवून घेऊ म्हणून. त्यांनी कापड चिमटीत धरून उजेडाला लावलं. "ताई, मी शिवीन, पण टाका कशाला धरणार? हा कागद आहे." तरी आतून कॅनव्हासचे तुकडे लावून शिवल्या. काकांना सांगितलं, यात डबा-पाणी न्या, लेन्स नको. काका हसले, पण ग्रुपवर हल्ली मला पूर्वीसारखं विचारत नाहीत, कुठली वस्तू घ्यावी ते.

लेन्स दुरुस्त झाल्यावर ती टॉवेलात गुंडाळून पुण्याला घेऊन गेले, एका दुकानात. दुकानदारासमोर कॅमेरा लावून आत ठेवला, चेन बोट न लावता बंद होते का पाहिलं, मुठीला धरून पाच-सहा हिसके दिले. मग चेन उघडून अस्तराच्या कोपऱ्यातून बोट घालून मुठीची टीप आतून चाचपली. "मॅडम, बॅग आहे, झोपाळा नाही," तो वैतागून म्हणाला. म्हणू दे. या बॅगेवर शिक्का फारसा माहीत नसलेल्या कंपनीचा आहे, रंगही मला आवडला नाही. ६,४०० रुपये, बिलावर २७ नं सुरू होणारा नंबर, तो पैसे द्यायच्या आधी लेकीला फोनवर वाचून दाखवला.

मागच्या आठवड्यात मोबाइलवर पुन्हा एक जाहिरात आली. पानाचं नाव नवं, किंमत दोनशेनं कमी. व्हिडिओ मात्र तोच. तोच हात, अंगठ्याच्या नखावर तोच काळा डाग, तीच पांढरी लेन्स. मी तक्रारीचं बटण दाबलं, खाली "फसवणूक आहे, घेऊ नका" असं लिहिलं. दहा मिनिटांत माझं वाक्य पुसलं गेलं. त्याच्यावर कुणीतरी लिहिलेलं तेवढं राहिलं होतं: "दादा, २००-५०० बसेल का?" आणि त्याखाली उत्तर, "आरामात."