मार्टी रिपोर्ट: जुन्या फोर्ड मस्टँगचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओरिजिनल आहे का, हे यातून कळतं का?

सरळ सांगतो, अर्धं कळतं. ते अर्धं पैसे देऊन घ्यावं असंच आहे, पण उरलेल्या अर्ध्यासाठी गाडीखाली आडवं व्हावंच लागतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फोर्डने १९६७ पासूनच्या गाड्यांचा कारखान्यातला डेटा ॲरिझोनातल्या मार्टी ऑटो वर्क्सला लायसन्सवर दिलाय. आपण व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, द्यायचा, ते त्या गाडीची कुंडली पाठवतात. तीन प्रकार आहेत. स्टँडर्ड सगळ्यात स्वस्त, त्यात इंजिन, गिअरबॉक्स, रंग, ऑप्शन्स वगैरे मिळतं. डिलक्समध्ये शिवाय दरवाजावरच्या प्लेटवर काय छापलं होतं ते, गाडी कधी बनली, कधी विकली, कुठल्या डीलरकडे गेली, आणि तशा किती बनल्या त्याचे आकडे. एलिट म्हणजे भिंतीवर लावायची हौस. मी डिलक्स घेतला आणि मला वाटतं विकत घ्यायच्या गाडीसाठी तोच घ्यावा.

गाडी होती १९६९ची माक वन, म्हणजे मस्टँगचंच स्पोर्टी मॉडेल, ३५१ टू-बॅरल इंजिन (३५१ हा घन इंचातला आकार, टू-बॅरल म्हणजे दोन तोंडांचा कार्ब्युरेटर), ऑटोमॅटिक. मी मिशिगनमध्ये राहतो, इथे उन्हाळ्यात वुडवर्ड ॲव्हेन्यूला उभं राहिलं की अशा गाड्यांची रांगच लागते आणि प्रत्येक विकणारा म्हणतो नंबर्स मॅचिंग (म्हणजे पार्टांवरचे नंबर गाडीच्या नंबराशी जुळतात), इंजिन ओरिजिनल, गिअरबॉक्स ओरिजिनल, फक्त रंग नवा. आता इंजिनचं सगळेच बघतात हो, पण गिअरबॉक्सकडे कोणी ढुंकून बघत नाही, कारण तो खाली असतो, तेलकट असतो, आणि ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक, त्यात काय बघायचं असं लोकांना वाटतं.

पण त्यातच खरी गंमत आहे. त्या वर्षी मस्टँगमध्ये एक नाही, तीन वेगवेगळे ऑटोमॅटिक बॉक्स यायचे आणि जाहिरातीत तिघांचं नाव एकच, सिलेक्टशिफ्ट. लहान इंजिनांना सी-फोर, ३५१ला एफएमएक्स, आणि ३९० किंवा ४२८ कोब्रा जेट अशी मोठी इंजिनं असतील तर तगडा सी-सिक्स. आत बसून गिअरचा दांडा बघितला तर काही फरक कळत नाही. दरवाजावरच्या प्लेटवर मात्र एक अक्षर असतं: डब्ल्यू म्हणजे सी-फोर, एक्स म्हणजे एफएमएक्स, यू म्हणजे सी-सिक्स. आता ही प्लेट नवीन छापून मिळते, त्यामुळे नुसत्या प्लेटवर विश्वास ठेवून पैसे मोजू नका. इथे मार्टी रिपोर्ट कामाला येतो, कारण ते अक्षर थेट फोर्डच्या रेकॉर्डमधून येतं, विकणाऱ्याच्या दरवाजावरून नाही.

माझ्या रिपोर्टमध्ये आलं एक्स. एफएमएक्स. मग गाडी लिफ्टवर घेतली आणि टॉर्च मारून तेलाच्या पॅनचे बोल्ट मोजले. अकरा.

अकरा बोल्टचं पॅन म्हणजे सी-फोर, सतरा असते तर सी-सिक्स. एफएमएक्सची ओळख अजून सोपी आहे, त्याचं मधलं धूड, म्हणजे केस, बिडाचं असतं आणि पुढची बेलहाऊसिंग (इंजिनला जोडणारा भाग) ॲल्युमिनियमची, त्यामुळे फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात टाकून न्या आणि केसला लावून बघा, चिकटलं तर एफएमएक्स असण्याची शक्यता, खाली पडलं तर सी-फोर नाहीतर सी-सिक्स, कारण त्या दोघांची केस ॲल्युमिनियमची. माझं खाली पडलं. म्हणजे कधीतरी कोणीतरी जड एफएमएक्स काढून हलका सी-फोर टाकलेला. काम म्हणून वाईट नाही बरं का, सी-फोरचे पार्ट कुठेही मिळतात आणि करणारे मेकॅनिकही पुष्कळ, पण मग ओरिजिनलचा भाव का मागता?

समजा खाली एफएमएक्सच निघाला असता, तरी काम संपत नाही. तो प्रकार बरोबर झाला, पण याच गाडीचा आहे का ते राहिलंच. दुसऱ्या कुठल्यातरी मस्टँगमधून काढून बसवलेलाही असू शकतो, आणि रिपोर्टला हे कसं कळणार, त्याच्याकडे फक्त १९६९चं रेकॉर्ड आहे. आपल्याकडे जुनी बुलेट घेताना आरसी बुकातला नंबर चेसिसवरच्या नंबराशी ताडून बघतात तसलाच हा प्रकार. साधारण १९६८ पासून गिअरबॉक्सच्या केसवर व्हीआयएनचा तुकडा ठोकलेला असतो: वर्षाचा आकडा, प्लँटचं अक्षर, शेवटचे सहा आकडे. डिअरबॉर्नमध्ये बनलेली १९६९ची गाडी असेल तर सुरुवात ९ आणि एफ, सॅन होजेची असेल तर आर, मेटचनची असेल तर टी. हा नंबर बॉक्स गाडीत असताना नीट दिसत नाही, छोटा आरसा आणि मोबाइलचा कॅमेरा घालून बघावं लागतं, नाहीतर ग्रीस पुसत बसा.

शिवाय केसवर ओतीव अक्षरात पार्ट नंबर असतो तो वाचा. सी८ म्हणजे १९६८, सी९ म्हणजे १९६९, डी२ म्हणजे १९७२. १९६९च्या गाडीत सी८ चालतो कारण जुनं डिझाइन पुढच्या वर्षीही वापरायचे. पण डी२ दिसला तर गप्पा बंद. माझ्या सी-फोरवर डीच होता. बोल्टाखाली एक छोटी पत्र्याची पट्टी पण असते मॉडेल कोडची, पण रिबिल्ड करणारे ती हमखास हरवतात, त्यामुळे ती नसली तर लगेच संशय घेऊ नका, आणि आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका, बोल्ट काढून दुसरी पट्टी लावायला किती वेळ लागतो.

तर रिपोर्टला पाचापैकी चार. फोर्डवाल्यांची चैन आहे खरंतर. शेव्हरोलेवाल्यांना असं एका व्हीआयएनवर कारखान्याचं रेकॉर्ड मिळत नाही, ते बिचारे सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकलेला बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याचा कारखान्यातला कागद, शोधत बसतात. पाँटियाकवाल्यांना पीएचएस (पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस, मार्टीसारखंच कारखान्याचं रेकॉर्ड देणारी) आहे म्हणून बरं. एक स्टार कापला तो विकणाऱ्यांमुळे, रिपोर्ट फ्रेम करून डॅशबोर्डवर ठेवतात आणि बघणाऱ्याला वाटतं की आत सगळं कागदाप्रमाणेच आहे. यात कंपनीचा दोष नाही, माहिती आहे मला, पण रिपोर्टवरच ठळक अक्षरात लिहा ना की हे गाडी कारखान्यातून निघतानाचं आहे, आजचं नाही.

गाडी घेतली मी. बोल्ट मोजलेला फोटो दाखवल्यावर भाव बराच खाली आला, पुढचं बोलणं सोपं झालं. सी-फोर तसाच ठेवलाय, मस्त चालतो. कोणाकडे १९६९चा एफएमएक्स पडून असेल तर सांगा, प्रकार तरी बरोबर होईल, पण माझ्या गाडीचे सहा आकडे ठोकलेला तो आता मिळायचा नाही, त्यामुळे अजिबात घाई नाहीये आणि ओरिजिनलच्या भावात तर नकोच.