परसातलं तळं आणि सांध्यात लावलेला चुना

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधलं एक घर. मागच्या अंगणात १० बाय ६ फुटांचं तळं, त्यात बुडता पंप, तिथून दीड इंची पाइप फिल्टरला आणि पुढे पाच फुटांवरच्या धबधब्याला. पाइप सगळा गोट्यांखाली पुरलेला. काम संपलं त्या संध्याकाळी कंत्राटदाराने दिवे लावून धबधबा सुरू करून दाखवला आणि उरलेले पैसे तिथेच मोजून घेतले. पंधरा दिवसांत पाणी रोज दोन इंच उतरायला लागलं. एवढ्या तळ्यात दोन इंच म्हणजे सुमारे २८० लिटर, रोजचे.

परत बोलावल्यावर त्याने पाइपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "काका, तळ पाणी पितोय. वॉटरप्रूफिंग पुन्हा मारावं लागेल." काकांनी मारून घेतलं, त्याचे वेगळे पैसे मोजले. पाणी उतरतच राहिलं. खरी फसवणूक इथे आहे. पहिल्या कामातली चोरी झाकायला दुसरं काम विकलं गेलं.

तळ गळतोय की पाइप, हे ओळखायला एक पैसाही लागत नाही. पंप बंद करा, अर्धा तास थांबा (पाइपातलं पाणी मागे येऊन पातळी थोडी चढते), मग काठावर पेन्सिलने खूण करा. शेजारी पाण्याने भरलेली एक बादली ठेवा आणि तिच्यावरही खूण करा, म्हणजे उन्हाने किती उडालं ते कळेल. २४ तासांनी दोन्ही खुणा बघा. मग तळं पुन्हा भरून पंप चालू ठेवून आणखी २४ तास. पंप बंद असताना दोन्हीकडे सारखंच उतरलं आणि चालू असताना तळ्याचंच जास्त उतरलं, तर वॉटरप्रूफिंगला हात लावायचं कारण नाही; गळती पाइपात आहे, किंवा धबधब्याचं पाणी बाहेर उडतंय. बेलापूरच्या तळ्यात पंप बंद असताना खूण बादलीबरोबरच उतरली. पावसाळ्यात ही परीक्षा करता येत नाही, वरून भरणा चालूच असतो. अशी कामं मेअखेरीस उरकायची काही जणांना एवढी घाई का असते, याचा संशय त्यामुळेच येतो.

गोटे उचलले तेव्हा पहिलाच एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, ओला होता. बिलावर "फ्लेक्सिबल पीव्हीसी" लिहिलेलं, आणि खाली निघाला साधा हिरवा सक्शन पाइप, तोच जो बांधकामावर पाणी उपसायला वापरतात. तो थेट एल्बोत खुपसलेला. करवतीने सांधा उभा चिरला तर आत सुतळीचे तीन वेढे, त्यावर राखाडी एम-सील आणि सगळ्यात वर सॉल्व्हेंटचा, म्हणजे पीव्हीसी जोडायच्या द्रवाचा, थर. तो थर नखाने साय निघावी तसा सुटून आला.

हा सांधा टिकणं शक्यच नव्हतं, कारण दोघांची मापंच वेगळी. प्लंबिंगच्या पीव्हीसी फिटिंगला "दीड इंची" म्हणतात तेव्हा त्यात बसणाऱ्या पाइपाचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी असतो. सक्शन पाइपाचा दीड इंच मात्र आतला, म्हणजे ३८ मिमी. बाहेरून तो साधारण ४५ च्या आसपास भरतो आणि वर वळ्या असतात. मधे तीनेक मिलिमीटरची फट. सॉल्व्हेंट फट भरत नाही. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो, आणि त्यासाठी ते एकमेकांना घट्ट टेकलेले हवेत. एम-सील वाळून दगड होतं, तर पंप सुरू-बंद होताना पाइप दर वेळी हिसका खातो. दगडाला तडा जातोच.

याच चोरीचे आणखी दोन प्रकार ठाण्या-नवी मुंबईत दिसतात. एक, दीड इंची प्लंबिंगचा पाइप आणि शेतीचं ५० मिमी फिटिंग यांची सरमिसळ. शेतीच्या पाइपाचं माप बाहेरून मिलिमीटरमध्ये असतं, त्यामुळे ४८.३ चा पाइप ५० च्या सॉकेटमध्ये (फिटिंगच्या तोंडात) सैल खेळतो. खिशात व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) असेल तर फरक दुकानातच कळतो. दुसरा, काळा पॉलिथिनचा गुंडाळी पाइप फ्लेक्सिबल पीव्हीसी म्हणून खपवायचा. पॉलिथिनला सॉल्व्हेंट लागतच नाही. बोटभर तुकडा कापून बादलीत टाका. पीव्हीसी बुडतो, पॉलिथिन तरंगतो.

खरा फ्लेक्सिबल पीव्हीसी, बाहेरून ४८.३ चा, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे सहसा नसतो, मागवावा लागतो. तो मिळाला तर काम असं: टोक काटकोनात कापायचं, बाहेरची धार घासून उतरती करायची. गुंडाळीतला पाइप अंडाकृती झालेला असतो, म्हणून शेवटचा फूटभर आधी उन्हात सरळ करायचा. कोरडा घालून बघायचा, सॉकेटच्या निम्म्याच्या आसपास अडकला पाहिजे. तळापर्यंत सहज गेला तर माप चुकलं. मग दोन्हीकडे प्रायमर, लगेच दाट सॉल्व्हेंट, पाव वळसा देत पूर्ण आत, आणि निदान अर्धा मिनिट दाबून धरायचं. गुंडाळीचा पाइप स्प्रिंगसारखा मागे सरकतो, बहुतेक सांधे तिथेच फसतात. सांध्यापासून सहा इंच वळण नको. पाणी २४ तासांनंतर.

सक्शन पाइपच वापरायचा असेल तर तोही चालतो, पण होज निपलवर, म्हणजे एका टोकाला आटे आणि दुसऱ्या टोकावर पाइप चढवायची नळी असलेल्या जोडावर. निपलचा आट्यांचा भाग टेफ्लॉनच्या पाच-सहा वेढ्यांनी फिटिंगमध्ये बसवायचा. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने एक-दीड आटा, त्यापुढे प्लॅस्टिकचं एफटीए (आतून आटे असलेलं फिटिंग) चिरतं. पाइपाचं टोक गरम पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवून निपलच्या खांद्यापर्यंत सरकवायचं. लायटरने शेकू नका, वळी वितळून कडेला बारीक नाली पडते आणि पाणी तिथूनच झिरपतं. निपलवर दोन क्लिपा, स्क्रू समोरासमोर. बाहेरून वळ्या असलेल्या पाइपाला पट्टीची क्लिप उंचवट्यावरच टेकते, त्याला दुहेरी तारेची क्लिप हवी. आठवड्याने पुन्हा एकदा आवळायची.

क्लिपांतही हात मारतात. पट्टी स्टीलची, स्क्रू साधा लोखंडी. चुंबक स्क्रूला धरून बघा. तो गंजला की वर्षभरात पट्टी सुटते, आणि पुरलेल्या पाइपात ते कळतं पाणी उतरल्यावरच. खरं तर एकही सांधा पुरू देऊ नये. प्रत्येक सांध्यावर उचलता येईल अशी फरशी किंवा छोटा चेंबर, पंपाजवळ युनियन (खोलता येणारा जोड). एवढं मागितल्यावर कंत्राटदार कुरकुरला, तर कारण विचारा.

बेलापूरच्या काकांकडे पुरावा म्हणून निघाला एक कागद: "पाइप फिटिंग काम पूर्ण", खाली सही. त्यावर पाइपाचा प्रकार नाही, माप नाही. ग्राहक आयोगात जायचं तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून आधी विचारताही येतं, पण ठरलं काय होतं हे कागदावर दिसावं लागतं. कोटेशनवर असं लिहून घ्या: "सॉल्व्हेंटने जोडायचा फ्लेक्सिबल पीव्हीसी, बाहेरचा व्यास ४८.३ मिमी, इतके फूट. क्लिपा स्क्रूसकट स्टेनलेस. सांधे उघडे ठेवून २४ तास पंप चालवल्यावर शेवटचा हप्ता." आणि गोटे पसरण्याआधी प्रत्येक सांध्याचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून.