१३ वर्षांच्या डेस्कटॉपला एसएसडी, रॅम आणि लिनक्स मिंट : तीन महिने वापरल्यावर

मी घरी बसून मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसाचे सहा-सात तास समोर २०१२ साली घेतलेला डेस्कटॉप असतो. इंटेल कोअर आय५-३४७० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. गेलं वर्षभर त्याने जीव नकोसा केला होता. बटण दाबल्यापासून पहिली फाइल उघडेपर्यंत साडेचार मिनिटं जायची. घड्याळ लावून मोजली आहेत. एकदा टास्क मॅनेजर उघडून बसले, तर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि प्रोसेसर १२ टक्क्यांवर निवांत. ते दोन आकडे शेजारी-शेजारी पाहिले आणि कळलं, थकली आहे ती डिस्क. बाकीचं यंत्र धडधाकट आहे.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. माझा तिसऱ्या पिढीतला. घरात सगळ्यांचं मत पडलं की आता नवाच घे. मी आधी तीन गोष्टी बदलून बघायचं ठरवलं : क्रुशलची एमएक्स५०० ही ५०० जीबीची एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क), ४ ऐवजी ८ जीबी रॅम, आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती.

सगळ्यात मोठा फरक एसएसडीने पडला, आणि का पडला ते सांगते. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि हेड सरकायला लागतो तो वेळ वेगळा. एका फाइलला हे काहीच नाही. पण कॉम्प्युटर सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली डिस्कवर विखुरलेल्या असतात आणि प्रत्येकीसाठी तीच धावपळ. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. बटण दाबल्यापासून आता २८ सेकंदांत मी कामाला लागते. पूर्वी मोठ्या पुस्तकाची फाइल सेव्ह करताना डिस्कची कटकट ऐकू यायची आणि हात आपोआप थांबायचा. तो थांबा गेला, ह्याचं सुख मला शब्दांत मांडता येत नाही.

खोक्यावर लिहिलेला वाचनाचा वेग सेकंदाला ५६० एमबी आहे. माझ्याकडे तो २६५ च्या आसपास मिळतो. दोष एसएसडीचा नाही : एच६१ चे सॅटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, ३ गिगाबिटचे, त्यातून सेकंदाला ३०० एमबीच्या वर काही जाऊच शकत नाही. तेव्हा तुमचा बोर्ड ह्याच काळातला असेल तर वेगाच्या आकड्यासाठी महागडी एसएसडी घेऊ नका, वॉरंटी बघा. एमएक्स५०० ला पाच वर्षांची आहे, आणि ५०० जीबीच्या मॉडेलला १८० टीबी, म्हणजे १,८०,००० जीबी, लिखाणाची हमी. रोज २० जीबी लिहिलं तरी ९००० दिवस पुरेल.

बसवणं सोपं आहे. फक्त डेटा केबल वेगळी आणावी लागली, आणि अडीच इंची एसएसडी साडेतीन इंची खणात बसत नाही म्हणून ब्रॅकेट. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, सॅटा मोड आयडीई ह्या जुन्या पद्धतीवर होता, तो एएचसीआय ह्या नव्या पद्धतीवर केला. हे नवी सिस्टीम टाकायच्या आधी करा; आहे त्याच विंडोजवर नुसता मोड बदललात तर निळा स्क्रीन येऊ शकतो.

रॅमने मात्र घाम काढला. डीडीआर३ च लागते. डीडीआर४ ची खाचही वेगळ्या जागी असते, ती बसत नाही. नव्या पट्ट्या सहज मिळेनात म्हणून ४ जीबीच्या दोन वापरलेल्या घेतल्या. पहिल्यांदा सुरू केलं तर स्क्रीन काळा आणि नुसते बीप. एक पट्टी नीट बसली नव्हती. दोन्ही टोकांना ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबली तेव्हा सुरू झालं. दोन दिवसांनी फायरफॉक्स मधूनच बंद पडायला लागला. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवला तर सकाळी लाल ओळींची रांग. एक-एक पट्टी तपासून खराब कोणती ते काढलं, विक्रेत्याने बदलून दिली. वापरलेली रॅम घेतलीत तर ही एक रात्र द्याच. नाहीतर दोष सिस्टीमवर जातो आणि माणूस तीच पुन्हा-पुन्हा टाकत बसतो.

उघडलंच आहे तर म्हणून प्रोसेसरवरची, त्याची उष्णता वाहून नेणारी, खडूसारखी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला. सेल संपल्यामुळे तारीख दरवेळी मागे जायची आणि वेबसाइटी ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडायच्या. तो त्रास एका नाण्याएवढ्या सेलने संपला.

आता मिंट. पेन ड्राइव्हवरून न बसवताच चालवून बघता येतं, हे मला फार आवडलं. वाय-फाय, आवाज, प्रिंटर तिथेच तपासले. सपोर्ट २०२९ पर्यंत आहे. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट होतं, पाच मिनिटांत टायपिंग सुरू. खरी धास्ती जुन्या फाइलींची होती. माझ्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वीची कामं युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. वर्डच्या जागी वापरायच्या लिबरऑफिसमध्ये पहिली उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. पोटात गोळाच आला. ते फॉन्ट फोल्डरमध्ये टाकले आणि पान जसंच्या तसं उभं राहिलं. तरी एका फाइलीत टाइप करताना एक अक्षर सारखं बिघडत होतं. शोधल्यावर कळलं : ऑटोकरेक्ट सरळ अवतरणचिन्हाचं गोल चिन्ह करतो, आणि जुन्या फॉन्टमध्ये त्या सरळ चिन्हाच्या जागी मराठी अक्षर बसवलेलं असतं. तो पर्याय बंद केला. अशा फाइलींवर काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशीच बंद करावा.

उणिवा आहेत. वर्डमधून आलेल्या फाइलीतल्या सुधारणा आणि शेरे नीट दिसतात, पण तक्त्यांचे रकाने कधीकधी सरकतात. शेवटची प्रत मी पीडीएफमध्येही मागवते. माझ्या प्रिंटरची छपाई लगेच चालली, स्कॅनरला अर्धा दिवस गेला. आणि व्हिडिओ : ह्या प्रोसेसरच्या एचडी २५०० ग्राफिक्सला यूट्यूबवर वापरला जाणारा व्हीपी९ हा व्हिडिओचा प्रकार उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. १०८० पिक्सेलचं निभतं, ४के अडखळतं. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी ह्या वाटेला जाऊ नये. लिखाण, हिशेब, ब्राउझिंग, मुलांचा अभ्यास ह्यांना मात्र मी हेच करा म्हणून सांगेन, आणि एकच गोष्ट परवडत असेल तर एसएसडी आधी.

जुनी हार्ड डिस्क बाहेरच्या डब्यात घालून बॅकअपला वापरायचा विचार होता. ‘स्मार्ट’ तपासणीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, तिचे बरेच खराब सेक्टर (साठवणीचे कप्पे) राखीव सेक्टरांनी बदललेले दिसले. म्हणून तिच्यावरचं सगळं दोन ठिकाणी उतरवून घेतलं आणि बॅकअपसाठी वेगळी नवी डिस्क आणली. दर शनिवारी काम संपलं की तिच्यावर प्रत घेते.